बर्लिनच्या हवेत चढलेली माणसे

बर्लिन शहराच्या ऐन वस्तीत टेम्पेलहोफ नावाचे एक मैदान आहे. आपल्या दादरच्या शिवाजी पार्कासारखी पंचवीस मैदाने त्यात आरामात मावतील एवढे ते मोठे. २००८ सालापर्यंत तेथे विमानतळ होता. तो बंद झाला आणि २०१० साली मैदान लोकांना खुले झाले. पुढे सरकारने कडेच्या जागेवर इमारती उठवण्याचा बेत केला, तेव्हा २०१४ साली बर्लिनकरांनी मतदान करून तो हाणून पाडला. त्यामुळे आज विमानांच्या धावपट्टीवर पोरे सायकली पिटाळतात, बायका घरचे डबे उघडून बसतात, तुर्की कुटुंबे शेगडीवर मांस भाजतात. तिकीट नाही, ओळखपत्र नाही, कोणी कोणाला उठवत नाही.

आमचा पुतण्या त्या शहरात नोकरीस आहे. त्याच्याकडे आम्ही उभयता गेलो तेव्हा पहिल्याच रविवारी त्याने आम्हांस या मैदानावर नेले. आकाशभर पतंग. "काका, पूर्वी इथूनच बलून सोडायचे," एवढेच तो म्हणाला. कारकुनी करणाऱ्या माणसास एखादा कागद अर्धवट वाचून ठेवता येत नाही. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही या बलूनवाल्यांच्या मागे लागलो. ते जेथून उडाले, जेथे पडले, जेथे पुरले गेले, त्यांपैकी जमतील ती ठिकाणे पायाखाली घातली. आमच्या सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या की लोक बर्लिनला राजवाडे बघायला येतात आणि तुम्ही मला गॅसचे कारखाने दाखवता. असो.

१८८१ साली बर्लिनमध्ये हवाई प्रवासाला चालना देण्यासाठी एक संस्था निघाली. जर्मनीतील अशा प्रकारची ती पहिली. पुढच्याच वर्षी तिने स्वतःचे नियतकालिक सुरू केले. विमान तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नीट आकाराला आले नव्हते. होता तो बलून, आणि बलून म्हणजे वारा नेईल तिकडे जाणारी वस्तू. त्याला हवे तिकडे कसे वळवावे, हा या मंडळींचा पहिला ध्यास होता. १९०२ साली संस्थेचे नाव बदलून बर्लिन हवाई प्रवास संस्था असे झाले आणि त्याच वर्षी औग्सबुर्ग या शहरी देशातल्या अशा सगळ्या संस्थांनी मिळून आपला संघ बांधला.

सभासद कोण? प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनिअर, कारखानदार आणि लष्करातले अधिकारी. ही हौस गरिबाच्या आवाक्यातली नव्हती. बलूनचे कापड शेकडो वार लागे. ते कापायचे, शिवायचे, त्याच्यातून हवा निसटू नये म्हणून त्याला व्हार्निश किंवा रबराचा लेप द्यायचा, वरून दोराची जाळी, खाली वेताची टोपली. आणि एवढे करून प्रत्येक वेळी गॅस विकत घ्यायचा. हा गॅस कोठला? तर रस्त्यावरचे दिवे पेटवण्यासाठी दगडी कोळसा भाजून जो गॅस काढत, तोच. आपल्या लालबागला 'गॅस कंपनी' म्हणून पत्ता सांगतात, तेथेही मुंबईच्या दिव्यांसाठी असाच कारखाना होता. कोळशाचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, म्हणून बलून वर जातो. हायड्रोजन त्याहून कितीतरी हलका, पण महाग आणि भडकणारा. म्हणून हवाई संस्थांचा पसारा गॅसच्या कारखान्याशेजारी असे. बर्लिनच्या संस्थेची पुढली जागा श्मारगेनडोर्फ येथील गॅस कारखान्यापाशी होती. भट्टीपुढे कोळसा ओढणारा मजूर आणि वर टोपलीत दुर्बीण घेऊन उभा असलेला साहेब, दोघांना जोडणारी कापडी नळी तेवढी मध्ये होती.

आता ही मंडळी नुसती सहलीला वर जात असती तर आम्ही त्यांच्यावर शाई खर्च केली नसती. पण संस्थेत रिचर्ड आसमान नावाचा माणूस होता. मागडेबुर्ग येथे १८४५ साली जन्मलेला हा गृहस्थ मूळचा डॉक्टर, पुढे हवामानशास्त्राकडे वळला. त्याला एक साधा प्रश्न छळत होता. जमिनीपासून वर जावे तसतशी हवा किती थंड होत जाते? प्रश्न साधा, उत्तर अवघड. कारण बलून वाऱ्याबरोबरच वाहतो, त्यामुळे टोपलीत वारा लागतच नाही. वर कडक ऊन, आजूबाजूला निपचित हवा. अशा ठिकाणी तापमापक टांगला तर तो हवेचे तापमान दाखवत नाही, उन्हाने स्वतः तापून भलताच आकडा दाखवतो. आधीच्या इंग्रज आणि फ्रेंच बलूनवाल्यांनी जीव धोक्यात घालून आणलेले कितीतरी आकडे या कारणाने चुकीचे ठरले.

आसमानने चकचकीत धातूच्या नळीत तापमापक बसवला आणि वर घड्याळाच्या किल्लीवर फिरणारा छोटा पंखा लावला. पंखा हवा ओढतो, ती हवा तापमापकावरून जाते, आणि चकचकीत नळीवरून ऊन परत फिरते. बार्ट्श फॉन झिग्सफेल्ड या तरुण अधिकाऱ्याने त्याला या कामी मदत केली. हे यंत्र पुढे जगभर गेले, आपल्या हवामान खात्याच्या कृषी वेधशाळांतही आले. झिग्सफेल्ड मात्र १९०२ साली बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ वादळी वाऱ्यात बलून उतरवताना मेला.

यंत्र झाले, आता पैसा. कैसर दुसरा विल्हेल्म याने ५०,००० मार्क दिले. बादशहाच्या खजिन्यातला पैसाही शेवटी रयतेचाच. पण तो तोफेवर न जाता तापमापकावर गेला याचे बरे वाटते. त्यातून 'हुम्बोल्ट' नावाचा बलून झाला. १८९३ च्या मार्च महिन्यात तो पहिल्यांदा उडाला. त्याच खेपेस उतरताना टोपली आपटून खुद्द आसमानचा पाय मोडला. सहाव्या खेपेनंतर, जमिनीवर सुखरूप उतरून गॅस सोडत असताना, ठिणगी पडून अख्खा बलून फुटला. मग 'फिनिक्स' बांधला. असे करत करत १८९९ पर्यंत संस्थेने शास्त्रीय कामासाठी ६५ उड्डाणे केली आणि त्यांचे सगळे आकडे तीन जाडजूड खंडांत छापले.

या ६५ पैकी एकच सांगतो. ४ डिसेंबर १८९४. आर्थर बेर्झोन हा आसमानचा सहकारी श्टासफुर्ट गावाहून 'फिनिक्स'मधून एकटा वर गेला. हायड्रोजन भरलेला, बरोबर श्वासासाठी ऑक्सिजन. तो ९,१५५ मीटरवर पोहोचला. म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. एव्हरेस्टवर तेव्हा माणसाचे पाऊल पडायला अजून ५९ वर्षे होती. वर तापमान उणे ४७.९ अंश. एका हाताने नळी तोंडाशी धरायची, दुसऱ्या हाताने वाळूची पिशवी सोडायची, आकडा वाचायचा, तो वहीत लिहायचा. सुमारे पाच तासांनी तो उत्तरेला कील शहराजवळ उतरला. ही वही लिहिण्याची गोष्ट आम्हांस फार भावते. आमचा सगळा जन्म नोंदी लिहिण्यात चालला आहे, पण पंख्याखाली बसून.

धोका काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. १८७५ साली 'झेनिथ' या फ्रेंच बलूनमधून तिघे वर गेले होते. त्यांतले दोघे विरळ हवेत गुदमरून मेले. या मरणाची तऱ्हा अशी की माणसाला आपण मरतो आहोत हे कळतच नाही. उलट बरे वाटू लागते, हात जड होतात आणि डोळे मिटतात.

टेम्पेलहोफच्या मैदानावरून ३१ जुलै १९०१ रोजी सकाळी अकराच्या सुमारास बेर्झोन आणि राइनहार्ड झ्युरिंग हे दोघे 'प्रॉयसेन' नावाच्या बलूनमधून निघाले. हा बलून प्रचंड होता, ८,४०० घनमीटरचा. त्यात ५,४०० घनमीटर हायड्रोजन भरला. पूर्ण का भरला नाही, असे कोणी विचारेल. वर हवेचा दाब कमी होतो तसा गॅस फुगत जातो, म्हणून खाली जागा मोकळी ठेवावी लागते. दोघांनी फरचे जाड कोट घातले होते. १०,००० मीटरच्या पुढे गेल्यावर तापमान उणे ४० अंशांच्या आसपास होते. १०,२२५ मीटरचा आकडा त्यांनी शेवटचा नोंदला आणि त्यानंतर झ्युरिंगची शुद्ध हरपू लागली. बेर्झोनने ते पाहिले आणि उरल्या ताकदीने गॅसच्या झडपेचा दोर ओढला. मग तोही कोसळला. दोन बेशुद्ध माणसे घेऊन टोपली आकाशात तशीच राहिली, काही वेळ वर चढली आणि मग आपसूक खाली येऊ लागली. सुमारे ६,००० मीटरवर दोघांना जाग आली. साडेसात तासांच्या प्रवासानंतर ते कॉटबुसजवळ ब्रीझेन गावी उतरले. बलून १०,८०० मीटरपर्यंत गेला असावा असा हिशेब निघाला. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक साडेसहा कळसूबाया रचल्या तर ही उंची होईल. बलूनचा हा अधिकृत विक्रम तीस वर्षे टिकला. १९३१ साली पिकार आणि किपफर हे दोघे औग्सबुर्गहून हवाबंद गोळ्यात बसून गेले, तेव्हा कुठे तो विक्रम मोडला.

तो दोर ओढला नसता तर? टेम्पेलहोफच्या गवतावर बसून आम्ही बराच वेळ याच गोष्टीचा विचार करत होतो. शेजारी एक पोरगा पतंगाचा दोर ओढत होता. या घटनेची पाटी काही आमच्या नजरेस पडली नाही. दुसऱ्या गोष्टींच्या खुणा मात्र आहेत. याच मैदानाच्या कडेला १९३३ ते १९३६ या काळात नाझींचा 'कोलुम्बिया' छळछावणीचा तुरुंग होता, आणि महायुद्धात येथील विमान कारखान्यात परदेशांतून पकडून आणलेल्या माणसांना वेठीस धरून राबवले गेले.

बर्लिनच्या दक्षिणेला लिश्टरफेल्ड हे उपनगर. तेथे एक गवताळ टेकडी आहे, कडेला तळे. टेकडी देवाने केलेली नाही. वीटभट्ट्यांतून निघालेल्या मातीच्या ढिगावर ऑटो लिलिएंटाल याने १८९४ साली ती १५ मीटर उंच उभी करवली, कारण त्याला उडी मारायला जागा हवी होती. लिलिएंटाल १८८६ पासून या हवाई संस्थेचा सभासद. पण संस्थेतल्या बहुतेकांचा भर हवेपेक्षा हलक्या बलूनवर, तर याचे म्हणणे, पक्षी हवेपेक्षा जड असूनही उडतो, तर माणूस का नाही? १८८९ साली त्याने पक्ष्यांच्या उडण्यावर पुस्तक छापले. फारशा प्रती खपल्या नाहीत. आज ते पुस्तक विमानविद्येचा पाया समजले जाते.

या माणसाबद्दल जरा सविस्तर सांगितले पाहिजे. १८४८ साली आंक्लाम या लहान गावी जन्म. बाप लवकर वारला, आईने मुलांना वाढवले. बर्लिनच्या कारखान्यात उमेदवारी करताना ऑटोपाशी खोलीचे भाडे नव्हते. त्या काळी बर्लिनमध्ये नुसता पलंग भाड्याने मिळे. एक टांगेवाला, एक मालगाडीवाला आणि ऑटो असे तिघे मिळून एकच पलंग वापरत, असे सांगतात. गिरणगावात पाळीपाळीने एकाच वळकटीवर निजलेल्या वडीलधाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे त्याने बॉयलर आणि वाफेची यंत्रे बनवणारा कारखाना काढला. तेथे साठापर्यंत कामगार होते. आणि १८९० साली याने काय करावे? निव्वळ नफ्यातला २५ टक्के हिस्सा कामगारांना वाटायला सुरुवात केली. कोणी संप केला नव्हता, कायदा नव्हता. एवढ्यावर थांबला नाही. पूर्व बर्लिनमधल्या एका नाटकगृहात त्याने भागीदारी घेतली आणि कामगारांना दहा पफेनिगमध्ये नाटक बघता येईल अशी व्यवस्था केली. स्वतः एक सामाजिक नाटक लिहिले, रंगमंचावर कामही केले. विमानाच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. आमच्या मते तो उड्डाणांच्या तोडीचा आहे.

त्याचे ग्लायडर वेताच्या जातीच्या विलोच्या काठ्यांचे आणि वर सुती कापड. वजन वीस किलोच्या आसपास. खांद्यापासून त्यात लटकायचे, उतारावरून पळत सुटायचे आणि वारा लागला की पाय उचलायचे. वळायचे तर अंग एका बाजूला झोकायचे. १८९१ पासून पाच वर्षांत त्याने दोन हजारांच्या वर उड्डाणे केली. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. ५०० मार्क किमतीने त्याने काही ग्लायडर विकलेसुद्धा. त्या काळी मजुराला ती रक्कम परवडणारी नव्हती, हेही खरे.

बर्लिनच्या वायव्येला श्टोल्न नावाचे खेडे आहे. त्याच्या लगतच्या गोलेनबेर्ग टेकडीवर तो लांब उड्डाणांसाठी जाई. तेथे अडीचशे मीटरपर्यंत तो तरंगत गेला. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच टेकडीवर वाऱ्याच्या झोताने ग्लायडर हवेत उभे राहिले आणि सुमारे पंधरा मीटरवरून खाली आले. बरोबर पाउल बायलिश हा त्याचा मेकॅनिक होता. ग्लायडर वर वाहून नेणारा हाच, आणि पडल्यावर पहिला धावत गेला तोही हाच. लिलिएंटालच्या मानेचा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या दवाखान्यात तो वारला. वय ४८. ही बातमी अमेरिकेत सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी वाचली आणि ते उड्डाणाच्या नादी लागले. पुढे त्यांनीच ते सांगितले.

श्टोल्नला आज गवतात एक भलेमोठे जेट विमान उभे आहे. पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीचे इल्युशिन-६२. १९८९ च्या ऑक्टोबरात वैमानिकाने ते नऊशे मीटरच्या गवताळ पट्टीवर उतरवले, आणि पंधरवड्याच्या आसपास बर्लिनची भिंत कोसळली. विमानाला लिलिएंटालच्या पत्नीचे, आग्नेसचे, नाव दिले आहे. आत छोटे संग्रहालय आहे आणि तेथे नोंदणी पद्धतीने लग्नेही लागतात. मांडव नाही, मानपान नाही, सही केली की झाले. आमच्या सौभाग्यवतींना त्या दिवशीचा हा भाग सर्वांत पसंत पडला.

शहराच्या उत्तरेला रायनिकेनडोर्फ येथे केटे पाउलुस हिची कबर आहे. ही काही प्राध्यापक-अधिकाऱ्यांच्या जगातली नव्हे. १८६८ साली त्सेलहाउझेन गावी मजुराच्या घरी जन्मलेली शिंपीण. हेर्मान लाटेमान नावाच्या बलूनवाल्याशी तिची ओळख झाली. तो जत्रेत, बागेत खेळ करी. ती आधी त्याचे बलून आणि पॅराशूट शिवू लागली, मग स्वतः वर जाऊन उडी मारू लागली. १८९४ साली क्रेफेल्ड येथे दोघे एकत्र वर गेले. तिची छत्री उघडली, त्याची उघडली नाही. आकाशात लटकलेल्या अवस्थेत तिने त्याला पडताना पाहिले. लहानगा मुलगाही घटसर्पाने गेला. यानंतर कोणी सुई-दोरा टाकून बसले असते. तिने पुन्हा सुई हातात घेतली, पुन्हा वर गेली. पाचशेहून अधिक बलून उड्डाणे आणि १४७ उड्या तिच्या नावावर आहेत. एका छत्रीने उतरता उतरता ती मुद्दाम सोडून द्यायची आणि दुसरी उघडायची, हा तिचा खास खेळ. बघणाऱ्यांच्या काळजाचे पाणी होई.

पॅराशूट नीट घडी घालून पिशवीत बसवावे आणि उडी मारताच दोराने ते आपोआप बाहेर ओढले जावे, ही गोष्ट तिने आपल्या हातांनी सुधारत नेली. पहिले महायुद्ध आले तेव्हा लष्कराला याची गरज पडली. दोरीला बांधलेल्या बलूनमधून टेहळणी करणारा सैनिक, बलून पेटला तर, उडी मारून वाचावा म्हणून. केटेने बर्लिनमध्ये सुमारे ७,००० पॅराशूट शिवून दिली. किती आयांची पोरे त्या शिवणीवर घरी आली असतील! युद्धानंतर महागाईने जर्मन चलनाचा कचरा झाला. तिची सगळी शिल्लक त्यात गेली. १९३५ साली ती विपन्नावस्थेत मेली. आमच्या घरी शिवणयंत्र आहे, त्यावर संसाराला हातभार लागतो. सौभाग्यवती त्या कबरीपाशी काही बोलल्या नाहीत, जरा वेळ उभ्या राहिल्या.

बाईमाणसाने उडावे हे पुष्कळांना खपत नसे. बर्लिनच्या आग्नेयेला योहानिस्टाल येथे १९०९ साली विमानांसाठी मैदान सुरू झाले. तेथे शिकणाऱ्या मेली बेझे या तरुणीच्या विमानातले पेट्रोल परीक्षेआधी सोबतच्या पुरुषांनी गुपचूप काढून ठेवण्यापर्यंत मजल गेली. तरी १३ सप्टेंबर १९११ रोजी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, तिने परवाना मिळवला. जर्मनीतली ती पहिली स्त्री वैमानिक.

श्मारगेनडोर्फला बघण्यासारखे फारसे उरलेले नाही. गॅसचा कारखाना केव्हाच गेला. पण ११ ऑक्टोबर १९०८ रोजी येथे गॉर्डन बेनेट चषकाची आंतरराष्ट्रीय बलून शर्यत झाली. आदल्या वर्षी ऑस्कर एर्ब्स्लो या जर्मन खेळाडूने अमेरिकेत ती जिंकली होती, म्हणून यजमानपद जर्मनीकडे आले. एकूण २३ बलून. 'कॉन्करर' नावाचा अमेरिकन बलून थोडा वर जातो न जातो तोच फुटला आणि दोघे प्रवासी टोपलीसकट शेजारच्या फ्रीडेनाउ वस्तीतल्या एका घराच्या छपरावर पडले. दोघेही वाचले. जिंकला तो स्विस बलून, ७३ तास हवेत राहून. तो शेवटी नॉर्वेजवळ समुद्रात उतरला. एर्ब्स्लो मात्र पुढे दोनच वर्षांनी हवाई जहाजाच्या अपघातात चार सोबत्यांसह गेला.

प्रशियाच्या लष्कराने १८८४ सालीच आपली बलून तुकडी उभी केली होती, आणि तिचे अधिकारी संस्थेतही वावरत. त्यामुळे शास्त्र कोठे संपते आणि लष्कर कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. १९१४ साली ज्या विद्येने तापमान मोजले तिनेच तोफांचे नेम धरले. १९३३ साली हिटलर आल्यावर देशातल्या सगळ्या उड्डाण संस्था मोडून एकाच सरकारी संघटनेत कोंबल्या. वर नाव खेळाचे, आत तयारी हवाई दलाची, कारण तहाने जर्मनीला हवाई दल ठेवण्याची बंदी होती. ज्यू सभासदांना दार बंद झाले. बावन्न वर्षांचा संसार एका फर्मानाने आटोपला. संस्था कितीही जुनी असो, तिच्यातल्या माणसांनी वेळीच नाही म्हटले नाही तर असेच होते.

आसमानचे काम मात्र चालू राहिले, ते लिंडेनबेर्गला. बर्लिनच्या आग्नेयेस साठ-एक किलोमीटरवर हे खेडे आहे. १९०५ साली येथे वेधशाळा सुरू झाली आणि आसमान तिचा प्रमुख झाला. येथे पतंगांना यंत्रे बांधून वर पाठवत. १९१९ साली आठ पतंगांची माळ पोलादी तारेवर ९,७४० मीटरपर्यंत गेली. टेम्पेलहोफच्या पोरांना हे सांगितले पाहिजे.

पण आसमानची मोठी युक्ती वेगळी. बेर्झोन आणि झ्युरिंग मरता मरता वाचले, आणि त्याच सुमारास त्याने बंद रबरी फुगा वापरायला सुरुवात केली. फुग्याला बांधलेले हलके यंत्र आपोआप नोंदी करते. फुगा वर वर जातो, फुगत जातो, शेवटी फुटतो आणि यंत्र छोट्या छत्रीने खाली येते. माणसाने वर जाण्याची गरजच उरली नाही. या फुग्यांनी आणलेल्या आकड्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दहा-बारा किलोमीटरवर गेले की हवा थंड होत जायची थांबते. प्रथम सगळ्यांना वाटले यंत्र बिघडले, ऊन लागले असेल. पण आसमानला ती भीती नव्हती, पंख्याचा धडा त्याने आधीच गिरवला होता. १९०२ साली त्याने आणि फ्रान्समध्ये तेसरां द बोर याने, जवळपास एकाच वेळी, ही गोष्ट जाहीर केली. हवेचा हा वरचा थर म्हणजे आज शाळेच्या पुस्तकात मुले शिकतात तो स्थितांबर.

लिंडेनबेर्गची वेधशाळा आजही चालू आहे, आसमानच्याच नावाने. शेजारी हवामानाचे संग्रहालय आहे. जुनी पतंगांची चरखी, आसमानची चकचकीत नळी आणि रबरी फुगे तेथे बघायला मिळतात. आपल्या मुंबईतही सांताक्रूझच्या वेधशाळेतून याच जातीचे फुगे सोडतात. आता यंत्राच्या नोंदी रेडिओवरून येतात. आसमानच्या काळी तशी सोय नव्हती. यंत्र कोठे पडेल याचा नेम नसे. शेतात, जंगलात, दुसऱ्याच प्रांतात. म्हणून प्रत्येक यंत्राबरोबर एक सूचनेचा कागद असे: सापडल्यास हात न लावता जपून ठेवावे आणि कळवावे, बक्षीस मिळेल. कापणी करणारा शेतमजूर, गुरे राखणारा पोरगा, असा कोणीतरी तो कागद वाचायचा, यंत्र पेटीत बांधायचा आणि परत पाठवायचा.